कात्रीकाकांनी कापलेले सतरा सेकंद

पदनाम: वरिष्ठ नोंद-तपासनीस. सेवा: एकवीस वर्षे. वर्तणूक: समाधानकारक. कामात आढळलेल्या चुका: निरंक.

खात्यात त्यांना सगळे कात्रीकाका म्हणत. उपग्रहावरची दुर्बीण ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण मोजायची आणि त्या आलेखातला कचरा काका कापायचे. उपग्रह विद्युतभारित कणांच्या पट्ट्यातून गेला, की आलेख उगाचच उसळायचा. अशा वेळी कणमापकाची नोंद उघडून बघायची असा नियम होता. तोही उसळला असेल तर कचरा. तो गप्प असेल तर तारा बोलतोय. ती नोंद उघडायला चार मिनिटं लागत. काकांना वाटे, आपल्या नजरेला एक सेकंद पुरे.

खिडकीजवळच्या टेबलावरची संशोधक मुलगी तीन वर्षं एकाच न्यूट्रॉन ताऱ्याला चिकटून होती. एखाद्या शहराएवढा गोळा, पण जोडीदार ताऱ्याचा वायू ओढून अंगावर घेणारा. असा थर साचला की एकदम पेटतो, क्ष-किरणांचा भडका उडतो, आणि भडक्याच्या थरथरीवरून तारा सेकंदाला किती शे गिरक्या घेतो ते कळतं. हा मात्र पेटायचं नाव घेईना. शेवटी 'हा तारा पेटत नाही' असाच प्रबंध तिने लिहून टाकला. सोमवारी तो सादर व्हायचा होता.

"काका, आभारात पहिलं नाव तुमचं," ती म्हणाली. "तुमच्याइतकं स्वच्छ कोणी कापत नाही."

काका एवढे फुलले, की आपली कारागिरी डोळे भरून बघावी म्हणून त्यांनी त्या ताऱ्याच्या न कापलेल्या मूळ नोंदी काढल्या. दोन वर्षांपूर्वीची एक दुपार. सतरा सेकंदांची उसळी, झपकन वर गेलेली, सावकाश उतरलेली. त्यांनीच कापलेली. त्यांनी कणमापक उघडला. चार मिनिटं लागली. रेघ सपाट होती.

पहिला विचार आला तो मूळ नोंद पुसून टाकायचा. आणि तो आपल्याला आला, याची लाज कापल्याच्या लाजेपेक्षा मोठी निघाली. चार दिवस ते मुलीच्या टेबलाला वळसा घालून पाणी प्यायला जात होते. घरी बायको म्हणाली, "ताटाशी भांडण झालंय का? मान वर करून जेवा की."

शुक्रवारी ते टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

"तुझा तारा पेटला होता. मी कापला."

"काय काका, सकाळी सकाळी थट्टा!"

त्यांनी आलेख पुढे ठेवला. तिने तो पाहिला, पुन्हा पाहिला, आणि प्रबंध उचलून खाली जमिनीवर ठेवला.

"कणमापक बघितला नव्हतात?"

"नाही."

"या एकाच वेळी ना?"

"सहा वर्षं उघडलेलाच नाही."

सहा वर्षांत त्यांनी अकराशे चाळीस उसळ्या कापल्या होत्या.