तेविसावी ओळ

नलिनी गेल्याची बातमी रोह्यात पापड लाटणाऱ्या बावीस बायकांना कळली आणि मग मला. पाचवीपासून एका बाकावर बसलेली मैत्रीण माझी, आणि मला ते सांगायला आली त्या बावीसांतली सुमन, पदराला ओले हात पुसत. "ताय, तुला नाय कळला? नलूताय गेली गो... सकाळी मशीनबाईनीच सांगितला." पेणला नलिनीच्या सुनेला, अश्विनीला, त्या गडबडीत इतक्या जणींना फोन करणं सुचेना, तेव्हा तिने सासूने शिकवलं होतं तेच केलं. लॅपटॉपवरच्या शीटमधल्या प्रत्येक ओळीत एक वाक्य भरलं आणि ते मशीनच्या बायकी आवाजात सगळ्यांच्या फोनवर गेलं. ते माझ्याही फोनवर आलं होतं. पण तो आवाज मी दोन वर्षांपूर्वीच बंद करून ठेवला होता. का, ते सांगायला आज लाज वाटते, पण सांगते.

नलिनी पेणला पोह्याच्या पापडांचं पीठ तिंबून घ्यायची आणि टेम्पोने नागोठण्यावरून माझ्याकडे रोह्याला पाठवायची. लग्न होऊन मी रोह्यात आले तेव्हापासून आमचं हे चाललं होतं. रोज सकाळी बावीस घरी जाऊन कोणाला किती पीठ, आज ऊन टिकणार की नाही, हे सांगायचं काम माझं. लाटणाऱ्यांतल्या निम्म्या जणींना वाचता येत नाही, तेव्हा निरोप तोंडीच हवा. आता निरोप देणं हे काही फार मोठं काम नाही, असं कोणी म्हणेल. पण बावीस घरांत मला बसायला पाट मिळायचा, अर्धा कप चहा मिळायचा आणि नवऱ्यालाही न सांगितलेल्या गोष्टी कानावर पडायच्या. कोणाची सून रुसली आहे, कोणाच्या छातीत गाठ आहे, हे रोह्यात सगळ्यात आधी मला कळायचं. मला ते फार आवडायचं.

मग नलिनी मोबाइलवर काय काय बघून शिकली. मी पेणला गेले असताना तिने मला लॅपटॉपसमोर बसवलं. पडद्यावर तीन चौकोन होते आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. "हे बघ शोभे, हितं शीट. एक बाई, एक ओळ. हा मधला डबा त्या ओळीचा आवाज करतो. हा तिसरा ज्याचा त्याला फोनवर पाठवतो. कोड-बीड काय लिहायला नाय लागत, नुसती रेघ ओढायची." मग तिने कळ दाबली आणि पुण्याच्या एखाद्या मास्तरीणबाईसारखा स्वच्छ आवाज म्हणाला, "सुमन, दोन किलो. आज ऊन आहे." नलिनी माझ्याकडे बघत होती, मी शाबासकी देईन म्हणून. "तुझ्यासाठीच केलाय गो," ती म्हणाली. "बावीस घरांचे जिने... तुझे गुडघे वाचतील." मी म्हटलं, "व्हय, छान हाय." माझ्या पोटात दुखायला लागलं होतं, आणि ते ओव्याने जाणारं दुखणं नव्हतं.

शाळेतही ती अशीच होती. गणित मला आधी सुटायचं आणि शाबासकी तिला मिळायची, कारण तिचं अक्षर सुंदर. मी मनात म्हटलं, चालू दे, चार दिवसांत तोंडावर आपटेल. आणि खरंच आपटली... म्हणजे मला तसं वाटलं. शीटमध्ये शेवटचा रकाना होता शेऱ्याचा. तो फक्त तिच्यासाठी होता, लक्षात राहावं म्हणून. रेघ ओढताना चुकून तोही रकाना आवाजाच्या डब्याला जोडला गेला. आणि एका सकाळी मशीनबाई सुमनला म्हणाली, "सुमन, एक किलो. पोरीला ताप आहे, कमी द्यावं." ते शेजारणीच्या कानावर पडलं आणि तिने मला सांगितलं, तेव्हा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. घरातलं चव्हाट्यावर आणलं म्हणून सुमन आता नलिनीला फाडून खाणार! पण सुमन माझ्या ओट्यावर आली तेव्हा तिचे डोळे भरलेले. "ताय, मशीनला कसा कळला गो? माज्या पोरीचा कोनी इचारला नाय आजपत्तुर..."

कोणी विचारलं नाही? तिच्या पोरीच्या कपाळाला हात लावून ताप बघितला होता मी. घरी येऊन नलिनीला फोनवर सांगितला होता मी. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणतात ते हेच. त्या दिवशी मी नलिनीला काही बोलले नाही आणि तेच वाईट झालं. सुमनचा उलट निरोप ऐकून नलिनीला चूक कळली, पण तिने ती चुकीची रेघ तशीच ठेवली. मग रोज किलोंच्या पुढे एक वाक्य येऊ लागलं, दाढ कशी आहे, मुलगा परीक्षेला बसला का. बायका उलट आवाजात उत्तरं पाठवायच्या, ती सगळी नलिनी ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी शेऱ्यात घालायची. पीठ न्यायला त्या माझ्या ओट्यावर येतच होत्या, पण घाईत. सांगायचं ते सांगून झालेलं असायचं. तेविसावी ओळ माझी होती, एकूण किती पीठ येतंय त्याची. मी ती कधी ऐकली नाही. वजन पिशवीवर लिहिलेलं असतं, मला मशीनने कशाला सांगायला हवं? मी आवाज बंद केला आणि नलिनीच्या फोनला "व्हय" आणि "नाय" एवढंच म्हणायला लागले. मग तिचे फोनही कमी झाले.

बाराव्याला अश्विनीने लॅपटॉप माझ्या हातात दिला. "काकी, मला पापडातलं काय कळत नाय. आता तुम्हीच बघा." घरी आणून उघडला, तर ते तीन चौकोन तसेच होते, शेऱ्याच्या रकान्यातून निघालेली ती चुकीची रेघसुद्धा. मग फोन घेतला आणि दोन वर्षं बंद ठेवलेला तो आवाज पहिल्यापासून ऐकायला बसले.

"शोभा, बेचाळीस किलो. गुडघा कसा आहे?"

"शोभा, चाळीस किलो. आज गुरुवार. उपासाला शेंगदाणे खाऊ नकोस, पित्त होतं."

"शोभा, एकोणचाळीस किलो. पेणला ये ना एकदा."

असे शेकड्याने. एकही दिवस चुकलेला नाही. नागोठण्याला पाणी भरून टेम्पो येऊ शकला नाही त्या दिवशीही, "शोभा, शून्य किलो. आज आराम कर." आणि मध्ये कुठेतरी, "शोभा, एकेचाळीस किलो. रागावलीस का गो?" मशीनला गो म्हणता येत नाही. ते थांबून, वेगळा शब्द असल्यासारखं म्हणते. मी ते पुन्हा पुन्हा लावलं. एकदाही उत्तर दिलं नव्हतं मी. नुसतं "नाय" म्हटलं असतं तरी चाललं असतं तिला... पण मला बावीस घरांचा अर्धा कप चहा तिच्यापेक्षा मोठा वाटला.

आता शीट मी भरते. संध्याकाळी बायकांची उत्तरं ऐकते, बावीस शेरे लिहिते. सुमनची पोर आता कॉलेजला जाते, तिला एसटीचा पास मिळाला का ते विचारायचं असतं. सुमन म्हणते, मशीनबाई पयल्यासारखीच इचारते. माझ्या ओळीत मी फक्त किलो भरते. शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवते, कारण आपलं आपणच कसं विचारायचं? सकाळी सात वाजता मी आवाज मोठा करून फोन ओट्यावर ठेवते.

"शोभा, बेचाळीस किलो," ती म्हणते आणि संपते. त्या बावीसजणींचा मला अजून हेवा वाटतो.