चारही पंखे बाहेर

जळालेला पंखा घेऊन कुणी दुकानात आलं की कॉइलबाई आधी त्याचा वास घेत. मग सांगत, "वॉर्निश जळलंय, परवा या." नाहीतर, "नुसता कंडेन्सर गेलाय. बसा, आत्ता देते." नवऱ्याच्या माघारी जळालेल्या तारा नव्यानं गुंडाळायचं, वायंडिंगचं ते दुकान त्यांनी एकटीनं ओढलं आणि मुलाला मार्गी लावलं. गल्लीत सगळे त्यांना कॉइलबाई म्हणत आणि त्याही त्या नावाला ओ देत. पुढे बारीक तार दिसेनाशी झाली, तेव्हा मुलानं दुकान बंद करायला लावलं. "आई, आता आराम कर," म्हणाला आणि स्वतः लांबच्या कामावर निघून गेला. घरात उरल्या सासू आणि सून. आराम कसा करतात हे कॉइलबाईंना कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळे त्या दिवसभर सुनेच्या हातातली कामं काढून घेत.

सून घरूनच काम करायची. अजून बांधलीच नाही अशी इमारत कम्प्युटरवर उभी करायची आणि तिच्यातून चालत गेलं तर कसं दिसेल, त्याची चित्रफीत बनवायची. एका मोठ्या कंपनीनं तिच्याकडून एका इस्पितळाची चित्रफीत मागितली होती. शनिवारी संध्याकाळपर्यंत पोचली तर पुढचं सगळं काम तिला मिळणार होतं. नाही पोचली, तर शहराच्या पार त्या टोकाची जुनी नोकरी पुन्हा धरावी लागणार. त्या नोकरीत ती घरी येऊन ताटावरच पेंगायची, ते कॉइलबाईंनी पाहिलं होतं.

अडचण मशीनची, म्हणजे त्या कम्प्युटरचीच होती. चित्रफीत तयार व्हायला ते तासन्‌तास सलग राबावं लागे आणि नेमकं अर्ध्यात आलं की मान टाकत असे. पडदा काळा. सून कपाळाला हात लावून बसायची.

"काय झालं गं?" कॉइलबाईंनी दारातून विचारलं.

"तापतंय, आई. आत एकच पंखा आहे, पुरत नाही. तीन जादा आणून ठेवलेत, पण बसवणारा दुकानदार पुढच्या आठवड्यात येतो म्हणतोय."

"पंखा बसवायला माणूस बाहेरून आणायचा? मी काय मेले?"

"अहो, हे छताचे पंखे नाहीत."

"फिरतात ना? मग पंखेच."

सुनेनं नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तोवर कॉइलबाई स्क्रूड्रायव्हर आणायला गेल्याही होत्या.

नवे पंखे हातात घेऊन त्यांनी नाक मुरडलं. "हे कसले? खेळण्यातले वाटतात." दुकानाच्या लोखंडी पेटीतून त्यांनी तीन काळे, जाडजूड पंखे काढले. कुठल्याशा कचेरीच्या मोडीत निघालेल्या मशीनमधले होते. "हे बघ. याला म्हणतात पंखा." तिन्हींच्या तारा एकत्र वळल्या, डाग दिले आणि मशीनच्या आतल्या बोर्डावर पंख्यासाठी जी एकच जागा मोकळी होती, तिथे जोडून टाकल्या.

"एकाच पिनेवर तिन्ही चालतील?"

"दुकानात एका बटणावर आठ-आठ फिरवलेत मी."

मशीन सुरू झालं. काळे पंखे एकदा गचकले, अर्धा फेरा फिरले आणि थांबले. बारीकसा वास आला. तो वास कॉइलबाईंना चांगला ओळखीचा होता.

"गेलं," त्या म्हणाल्या.

"काय गेलं? अख्खं मशीन?" सुनेच्या तोंडचं पाणी पळालं.

मशीन शाबूत होतं, ती पंख्याची जागा तेवढी मेली होती. सून ओरडली नाही. "आई, आता राहू द्या. हात जोडते," एवढंच म्हणाली आणि उठून गेली. ती चार बोल लावती तर बरं झालं असतं, असं कॉइलबाईंना वाटलं.

पण राहू देणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. उशीखाली लपवलेलं भिंग काढून त्यांनी काळ्या पंख्यावरचे मुंगीएवढे आकडे वाचले. मग दुकानदाराला फोन लावला.

"का रे, त्या बोर्डावरच्या पंख्याच्या पिनेला किती करंट झेपतो?"

"साधारण एक अँपिअर, काकू. का बरं?"

"आणि अर्ध्या अँपिअरहून जास्त खाणारे तीन लावले तर?"

"लावले का?"

"लावले."

"काकू, काकू! एक हब मिळतो. छोटी पट्टी असते. तिला वीज थेट पॉवर सप्लायमधून द्यायची आणि सगळे पंखे त्या पट्टीवर. बोर्डावर भारच नाही."

"म्हणजे मेन लाइनवरून वेगळा जोड घ्यायचा. हे आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

कॉइलबाई स्वतः बाजारात जाऊन हब घेऊन आल्या आणि सुनेपुढे उभ्या राहिल्या. "माझं चुकलं. आता तुझे खेळण्यातलेच बसवते. पुन्हा काही जळलं तर जन्मभर भांडी मी घासेन."

"ती आत्ता तरी कुठे मला घासू देता?" सून म्हणाली. हसली नाही, पण सरकून जागा दिली.

दोन पंखे पुढे, एक वर, मागे जुना होताच. तारा हबला लावल्या, हबची तार पॉवर सप्लायला. या खेपेला चारही फिरले. मशीन पहिल्यापेक्षा जास्त वेळ चाललं. कॉइलबाई चहा ठेवायला उठल्या, तोच आतून सुनेचा आवाज आला, "आई, गेलं परत!"

आता शुक्रवारची दुपार टळत आली होती.

"चार-चार पंखे आहेत, आणि तरी..." सुनेनं खुर्ची मागे ढकलली. "जाऊ दे. मी त्या जुन्या साहेबांना फोन करते."

"फोन पळून जात नाही. मशीन लाव."

कॉइलबाईंनी शिवणाच्या डब्यातून दोरा काढला आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला बांधला. वायंडिंगच्या जोडीला त्यांनी जन्मभर भटारखान्यांत, वेल्डिंगच्या शेडांत धूर बाहेर काढणारे पंखे बसवले होते आणि पंखा किती फेकतो ते दोऱ्यानं बघायची त्यांची रीत होती. मागच्या पंख्यापुढे दोरा सरळ उडाला. वरच्याही. पुढच्या दोन्हींपुढेही. "बघ, कसे फेकतायत! चारही."

सून बघत राहिली. "चारही बाहेर?"

"मग? गरम हवा काय आत कोंडायची?"

"पण मग गार हवा आत कोण आणतंय?"

कॉइलबाईंचा हात थांबला. शेडला दार असतं, भटारखान्याला खिडक्या असतात. आत येणाऱ्या हवेची काळजी त्यांना कधी करावीच लागली नव्हती. त्यांनी दोरा खाली नेला, पुढच्या बाजूला जिथे पेन ड्राइव्ह खोचतात त्या बारक्या फटीपाशी. दोरा फटकन आत ओढला गेला आणि तिथेच चिकटला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "बिचारं किल्लीच्या भोकातून श्वास घेतंय."

सुनेनं मशीन बंद करून पुढचा एक पंखा सोडवला. "आई, हा बघा, कडेला बाण आहे. हवा कुठे जाते त्याचा."

"तो बाण दिसायला मला भिंग लागतं गं. आणि भिंग लागतं हे तुला सांगायचं नव्हतं."

"उशीखालचं ना? चादर बदलताना रोज उचलून ठेवते मी."

कॉइलबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग दोघीही हसत सुटल्या. पुढचे दोन पंखे उलटे करताना सून बाण वाचत होती आणि कॉइलबाई स्क्रू पिळत होत्या.

रात्री मशीन नजरेआड नको म्हणून शनिवारी उजाडताच सुनेनं काम लावलं. पुढच्या जाळीसमोर दोरा टांगला होता. तो आत ओढला जात होता, तर मागचा दोरा बाहेर उडत होता. रोज जिथे मशीन मान टाकायचं तो टप्पा आला तेव्हा दोघींनी दोऱ्याकडे डोळे लावले. टप्पा गेला. सून जेवायला उठेना म्हणून कॉइलबाईंनी ताट तिथेच आणलं आणि स्वतः मशीनशेजारी पाट टाकून बसल्या. मधूनच पत्र्याला हात लावून बघत, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. दुपार कलली. पडद्यावर इस्पितळाचं दार उघडलं, लांब व्हरांडा दिसला, शेवटच्या खोलीतली खिडकी आली आणि तिथे चित्रफीत पुरी झाली.

सुनेनं ती पाठवून दिली. अंधार पडायच्या आत फोन आला. सून "हो, हो" म्हणत उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. फोन ठेवून म्हणाली, "आई, आवडली. सोमवारी पुढची इमारत देतायत." तिच्या जिवात आत्ता जीव आला होता. डोळे पुसत ती बटणाकडे वाकली. "दमलं बिचारं. आता करते बंद."

कॉइलबाईंनी तिचा हात धरला.

"थांब. इतकं तापलेलं एकदम थांबवू नये. काम संपलं म्हणून काय झालं, पंखे जरा फिरू देत."

सून पाटाच्या कडेला टेकली. समोर दोरा अजून आत ओढला जात होता.