वाजत्या ताशाचा हातबदल

कोरोनानंतरच्या दुसऱ्या गणेशोत्सवात, अनंत चतुर्दशीच्या आधीच्या रविवारी दुपारी, गुडगावमधल्या ढोल-ताशा स्पर्धेत आमच्या पथकाचा मुख्य ताशा वाजता वाजता एका हातातून दुसऱ्या हातात गेला. स्पर्धेच्या नियमात ते बसत नव्हतं. तसं करायचं नाही, असं पथकाने आदल्या आठवड्यात ठरवलंही होतं.

ताशा देणारी मुलगी पंचविशीची होती, घेणाऱ्या बाई पंचेचाळिशीच्या, पथकातल्या सगळ्यांच्या काकू. मी पुढच्या रांगेत होते. शेजारच्या खुर्चीवर माझे वडील होते. हा हातबदल त्यांच्या तरुणपणी सुरू झाला होता.

सत्तरच्या दशकात दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये महाराष्ट्रातून आलेली बरीच कुटुंबं होती. वडील एका मंत्रालयात कारकून होते. गणपतीच्या मिरवणुकीला ढोलवाले मिळत, पण ते वरातीचे. आरती संपायच्या आत त्यांचा हात भांगड्यावर जाई. म्हणून कॉलनीतल्या काही जणांनी गावाकडून ढोल आणि एक तांब्याचा ताशा रेल्वेने मागवला. ताशा खरा वाजवता येणारा त्यांच्यात एकच होता, मिरजेकडचा, टपाल खात्यातला. त्याच्या घरी मोहरमला ताशा वाजे, तिथे तो शिकलेला. कॉलनीतली आम्ही मुलं त्यांना चाचा म्हणत असू.

चाचांनी बाकीच्यांना शिकवलं. ऑफिसला जाताना बसमध्ये जागा मिळाली की वडील आणि त्यांचे सोबती मांडीवर बोटांनी ठेका धरत. शेजारचे प्रवासी सरकून बसत. संध्याकाळी क्वार्टर्सच्या मागच्या मोकळ्या जागेत सराव होई. भाद्रपदातल्या दमट हवेत चामड्याचं पान सैल पडायचं. मग जुनी वर्तमानपत्रं पेटवून ढोल आणि ताशा शेकत. पान कडक झालं की लगेच वाजवायचं, नाहीतर पुन्हा शेकायचं. आमच्या आया गॅलरीतून ओरडत, की आधी वाळत घातलेले कपडे काढू द्या.

दिल्लीतल्या मराठी मंडळांची स्पर्धा त्याच सुमारास सुरू झाली. परीक्षक म्हणून लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ येत. मराठी त्यांना येत नव्हतं, लय येत होती. त्यांची एकच अट होती. ढोल चुकला तर चालेल, ताशा थांबला तर स्पर्धेतून बाद.

एका वर्षी चाचांची जबलपूरला बदली झाली आणि निघायचा दिवस नेमका स्पर्धेचा आला. संध्याकाळची गाडी होती. बाकीची पथकं लांबत गेली आणि आमची पाळी आली तेव्हा चाचांची बायको स्टेशनवर पोहोचली होती. चाचा ताशा गळ्यात घालून उभे राहिले. वाजवता वाजवता त्यांनी ताशाच्या काठावर तीन ठोके दिले आणि डावीकडे पाहिलं. डावीकडे वडील झांज वाजवत होते. चाचांनी डावी काडी त्यांच्या हातात दिली. काही क्षण एकच ताशा दोन माणसं वाजवत होती, उजवा हात एकाचा आणि डावा दुसऱ्याचा. मग उजवी काडीही गेली, कुणीतरी मागून पट्टा काढून वडिलांच्या गळ्यात घातला आणि चाचा कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून गेले. ताशा थांबला नाही. पथक पहिलं आलं. चाचांना गाडी मिळाली, हे त्यांनी जबलपूरहून पत्राने कळवलं.

केंद्र सरकारच्या नोकरीत बदलीचे हुकूम येतच राहतात. पुढच्या वर्षांत ताशावाले एकामागून एक गेले, नागपूर, शिलाँग, कोचीन. पण तोवर पथकाची रीत ठरली होती. ताशावाल्याने आपल्या डावीकडे झांज देऊन एक माणूस उभा करायचा आणि त्याला शिकवायचं. निघायच्या आधीच्या वादनात काठावर तीन ठोके द्यायचे आणि वाजता ताशा त्याच्या हातात द्यायचा. घरी बसून काड्या दिल्या तर तो हातबदल मानला जात नसे. लोकांसमोर, लय चालू असताना घेता आला तरच तो माणूस ताशावाला.

आमच्या पिढीत, नव्वदच्या आसपास, मुली पथकात आल्या. आधी लेझीमला, मग झांजेला. त्यावरून कॉलनीत थोडी कुरबूर झाली आणि दोन वर्षांत थांबली, कारण मुलांपेक्षा मुली सरावाला वेळेवर येत. मी झांज वाजवली. ताशा माझ्याकडे कधी आला नाही, येईल असं मी वाजवतही नव्हते. आम्ही घराबाहेर हिंदी बोलत असू, तालाचे शब्द मात्र मराठीतच म्हणत असू. कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सरकारच्या जुन्या अतिथीगृहात राज्यातून कुणी मोठा पाहुणा आला की आम्हाला स्वागताला बोलावत. फाटकात वाजवायचं आणि मागच्या दाराने कांदेपोहे खाऊन परतायचं, असा तो कार्यक्रम असे.

आताची पिढी वेगळी आहे. ती एका कॉलनीत राहत नाही. नोएडा, गाझियाबाद, द्वारका, गुडगाव अशी पसरलेली आहे. पथकात एक बंगाली मुलगा आहे, दोन पंजाबी बहिणी आहेत, आणि त्यांना आरत्या आमच्यापेक्षा जास्त पाठ आहेत. पान आता फायबरचं असतं. ते शेकावं लागत नाही, पावसातही वाजतं. कानात बोळे घालून सराव होतो, लय मोबाइलवरच्या टिकटिकीवर तपासतात आणि प्रत्येक सरावाचं चित्रीकरण करून कुणाचं ढोलावरचं टिपरू मागे पडलं ते रात्री ग्रुपवर टाकतात. आमचं जुनं ध्वनिमुद्रण आणि त्यांचं नवं मी लागोपाठ ऐकलं आहे. आम्ही जोरात वाजवत होतो. ते बरोबर वाजवतात. पन्नास ढोल एका ठोक्यावर थांबतात आणि त्या शांततेत टोलाची घंटा एकटी ऐकू येते. आमच्या वेळी असं कधीही झालं नाही. वडिलांनी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कानाचं यंत्र बिघडलं असं समजून ते काढून पाहिलं होतं.

ताशा वाजवणारी मुलगी दहाव्या वर्षापासून पथकात होती. तिचे वडील केंद्र सरकारात होते आणि ती स्वतःही परीक्षा देऊन लेखापरीक्षण खात्यात लागली. पूर्वी नवऱ्याची बदली झाली की बायका पथक सोडून जात. इथे हुकूम तिच्याच नावाने आला. गुवाहाटी. विमान स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशीचं, सोमवारचं होतं.

ती वाजवायला लागल्यापासून पथक एकदाही पहिलं आलं नव्हतं. दरवर्षी नोएडाचं दुसरं एक पथक जिंके. त्या वर्षीचा शेवटचा टप्पा तिनेच बसवला होता आणि तो ऐकून नोएडावालेही सरावाला डोकावून गेले होते. तिला जिंकून जायचं होतं. हे ती लपवत नव्हती. येईल त्याला सांगत होती.

अडचण नियमाची होती. स्पर्धा आता गुडगावच्या एका सोसायटीच्या मैदानावर होते आणि नियम छापील असतात. वादन सुरू झाल्यावर कुणी जागा सोडली किंवा वाद्य बदललं तर गुण कापले जातात. गेली काही वर्षं कुणी बदलून गेलं नव्हतं, त्यामुळे हा प्रश्न आला नव्हता.

पथकप्रमुख तिशीचा, सॉफ्टवेअरमधला. सगळे त्याला दादा म्हणतात. तो, ती मुलगी आणि काकू असे तिघं स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात आमच्या गाझियाबादच्या घरी आले. काकू गृहिणी आहेत, मुलगा कॉलेजला गेल्यावर पथकात आल्या आणि दोन वर्षं त्या मुलीच्या डावीकडे झांज वाजवत होत्या. दादाने वडिलांना नियम समजावला. हातबदल सोमवारी विमानतळावर करू, नाहीतर विसर्जनाच्या मिरवणुकीचा व्हिडिओ कॉल लावू, असं काहीतरी तो सुचवत होता. वडील ऐकून घेत होते. वडील चिडतील, असं सगळ्यांना वाटलं होतं. मलाही.

"चाचांची गाडी सुटत होती म्हणून त्यांनी ताशा दिला," वडील म्हणाले. "गाडी दोन तास उशिरा असती तर पूर्ण वाजवून गेले असते. त्यात कसला आलाय धर्म? आधी जिंका."

मुलीने काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, माझी काही हरकत नाही, काड्या डब्यात घालून दिल्या तरी घेईन, वर लोणचंही दे. सगळे हसले. ठरलं. शेवटच्या टप्प्यात जिथे ढोल थांबतात आणि ताशा एकटा राहतो, तिथे एरवी सरावात काठावर ठोके देऊन दोघी हातबदल घोटत. मुलीने ती जागा बदलून तिथे पानावरची लांब तड, म्हणजे न तुटणारी कडकड, घातली. आठवडाभर तीच वाजवली. मी शनिवारचा सराव पाहिला होता. तड नीट बसली होती.

रविवारी आमचं पथक शेवटून दुसरं होतं. ऊन कडक होतं. फेटे ओले करून बांधले होते. पहिले दोन टप्पे स्वच्छ गेले. नोएडाच्या पथकातली मुलं दोरीच्या पलीकडे उभी होती, त्यांच्यातला एक जण दुसऱ्याला म्हणाला, "गया यार, इस बार तो गया." तिसऱ्या टप्प्यात लय चढत गेली, पन्नास ढोल एका ठोक्यावर थांबले आणि ताशा एकटा राहिला.

मुलीने काठावर तीन ठोके दिले.

काकूंनी झांजा सोडल्या. त्या मनगटाच्या दोरीला लटकत राहिल्या. काकूंचा डावा हात पुढे गेला, तसा तो दोन वर्षं सरावात जात आला होता. मुलीने डावी काडी त्यात दिली. दोघी एकच ताशा वाजवू लागल्या. दादा ध्वजाच्या मागून बघत होता, त्याचं तोंड उघडं होतं. मग उजवी काडी गेली. पट्टा काढायला मागे कुणी नेमलेलं नव्हतं. टोल वाजवणाऱ्या बंगाली मुलाने हातातला हातोडा खाली ठेवून तो काढला आणि काकूंच्या गळ्यात घातला. त्यामुळे टोलाचा एक ठोका चुकला. ताशाचा एकही चुकला नाही. ढोल परत आले. मुलगी रांगेतून बाहेर येऊन मोकळ्या हातांनी उभी राहिली.

परीक्षकांनी मान खाली घालून लिहिलं.

वादन संपल्यावर दादा तिच्याकडे आला. मी आणि वडील जवळच होतो.

"हे काय केलंस?"

"दादा, काठावर हात गेला."

"गेला की नेलास?"

"गेला."

"आणि काकू तुम्ही?"

"तिने बोलावलं," काकू म्हणाल्या. "मी काय नुसती उभी राहू?"

थोड्या वेळाने दादा मुलीसाठी पाण्याची बाटली घेऊन आला. बाटली आधी काकूंनी घेतली, मग मुलीने. वडिलांना तिने विचारलं, कसं झालं. वडील म्हणाले, डावी काडी जरा उशिरा सुटली, चाचांची लवकर सुटली होती. मग म्हणाले, पण चाचांच्या मागे एवढे ढोल नव्हते.

निकाल संध्याकाळी लागला. नोएडा पहिलं, आमचं पथक दुसरं. मुख्य परीक्षकांनी माईकवरून सांगितलं, की जागा सोडल्याचे आणि वाद्य बदलल्याचे गुण कापले नसते तर क्रम उलटा असता, आणि नियम नियम आहे. मग ते म्हणाले, की ताशा त्यांनी असा जाताना आधी एकदाच पाहिला आहे, लहानपणी, वडिलांबरोबर. त्यांचे वडील लष्कराच्या बँडमध्ये होते. ते हिंदीत बोलत होते.

सोमवारी मुलगी गुवाहाटीला गेली. ताशाच्या काड्या काकूंकडे राहिल्या.

पुढच्या वर्षी नियम तोच होता. ताशा काकूंनी सुरू केला आणि काकूंनीच संपवला. पथक पहिलं आलं. पहिल्या क्रमांकाची ढाल आता दादाच्या घरी, दिवाणखान्यात आहे. वडिलांनी ती हातात घेऊन पाहिली आहे.

त्याच वर्षी अनंत चतुर्दशीला गुवाहाटीहून पथकाच्या ग्रुपवर एक चित्रफीत आली. तिथल्या मराठी कुटुंबांचं विसर्जन होतं. मूर्ती लहान होती, माणसं वीस-पंचवीस. ढोल एकच होता. ताशा ती मुलगी वाजवत होती. तिच्या डावीकडे झांज घेऊन एक बाई उभी होती.