माहेरवाशिणींचा रकाना

फरीदाआपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात ऑफिसला निघायच्या गडबडीत होते. फोन त्यांच्या धाकट्या भावाचा, सलीमभाईंचा. "आपा गेली... झोपेतच," एवढंच ते बोलले. मी रजेचा अर्ज पाठवला, घरात दोन दिवसांच्या जेवणाचं सांगून ठेवलं आणि मिळेल ती एसटी धरून सांगलीला गेले. पोचले तोवर पुरुषमंडळी दफनाला निघून गेली होती. आतल्या खोलीत बायकांमध्ये बसले. तिथं त्यांच्या भावजयीनं, मुमताजभाभींनी, माझा हात धरून विचारलं, "तुम्ही तिच्याबरोबर काम केलंय. एक सांगा, ती आकड्यांचं काम करायची म्हणजे नक्की काय करायची? आम्ही विचारलं की म्हणायची, बेरीज-वजाबाकी." बायका रडता रडता हसल्या. मीही हसले. पण ते उत्तर तिथं बसून दोन वाक्यांत देण्यासारखं नव्हतं. महिना उलटून गेलाय. भाभी, ते उत्तर आता देते.

आपा मूळच्या सांगलीच्या. वडील शिंपी. घरात मापांची सवय होतीच, त्यात कॉलेजात संख्याशास्त्र घेतलं आणि सांख्यिकी अधिकारी होऊन साताऱ्याला आमच्या आरोग्य विभागात आल्या. मी त्यांच्यापेक्षा वयानं आणि पदानं लहान. माझ्याकडे बैठका, दौरे, पत्रव्यवहार. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांचा एक आवडता शब्द बंद करून टाकला : 'जुळवून घ्या'. प्रत्येक ऑफिसात हा शब्द असतो. खालून दोन तक्ते येतात, त्यातले आकडे एकमेकांशी बसत नाहीत, मग कुणीतरी एक आकडा थोडा खाली ओढतो आणि तक्ता वर जातो. कुणाचा वाईट हेतू नसतो. वरून फोन नको, एवढंच. आपा म्हणायच्या, "न जुळणारा आकडा आला की मला बरं वाटतं. त्याच्या मागं कुणीतरी माणूस असतो."

त्यांचं काम काय होतं ते समजायला एकच प्रसंग पुरेल, आणि तो माझ्या माहेरचा आहे. माझं माहेर कोयनेच्या बाजूला, डोंगरात. तिथल्या आरोग्य उपकेंद्रावर एक रुग्णवाहिका उभी असायची. ती काढून खाली कराडच्या बाजूला, हायवेजवळच्या उसाच्या गावांत द्यायचं घाटत होतं. कारण कागदावर स्वच्छ दिसत होतं : डोंगरात गरोदर बायकांची नोंद अगदी थोडी, खाली भरपूर. मग गाडी कुठं हवी? शाळेतलं पोरही सांगेल. मी मात्र घरचा हिशेब केला. मुंबईत दिलेली माझी भाची, शीतल, पहिल्या बाळंतपणाला आमच्या गावी येणार होती. घाटाचा रस्ता, जवळ दवाखाना नाही, आणि गाडीही जाणार... पण मी तोंड उघडलं असतं तर लोक म्हणाले असते, बाई माहेरची वकिली करतात.

प्रस्तावाचे कागद आपांकडे आले. त्यांनी लसीकरणाचा तक्ता मागवून शेजारी ठेवला. डोंगरातल्या त्या उपकेंद्रावर नोंदलेल्या गरोदर बायका कमी, आणि पहिली लस टोचलेली बाळं त्याहून कितीतरी जास्त! कॉम्प्युटरवर बसणारे जाधव म्हणाले, "मॅडम, टायपिंगची चूक हाय. जुळवून टाकू का?"

"कुठल्या बाजूनं जुळवणार?"

"लहान बाजूनं. नेहमी तसंच करतो."

"आणि उरलेली बाळं? ती काय डोंगरात सोडून येऊ?"

दुसऱ्या दिवशी आम्ही जीपनं घाट चढत होतो. उपकेंद्रातल्या सिस्टर आधी घाबरल्या. मग आपांनी स्वतःच्या डब्यातली चटणी-भाकरी त्यांच्यापुढं केली आणि त्या मोकळ्या झाल्या. "काय करायचं मॅडम, खरं लिव्हलं की वरनं इचारत्यात, आईची नोंद न्हाई तर बाळ आलं कुठनं? मग आमी बाळं कमी करतो. ह्या खेपेला तेवढं राहून गेलं." तिथून आमच्या घरी चहाला थांबलो. आई शीतलसाठी डिंक निवडत बसली होती. आपांनी सहज विचारलं, "तुमच्या नातीचं नाव इथं नोंदवलंय का?"

आई म्हणाली, "लिव्हायचं कशाला? घरचीच हाय की ती!"

आपांनी कपबशी खाली ठेवली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वंदना, आपण सगळ्या गावाला चुकीचं विचारतोय. आशाताई दारात जाऊन विचारतात, घरात कोण गरोदर आहे? घरात सून नसतेच, ती नवऱ्याबरोबर मुंबईला. आणि लेक अजून आलेली नसते. विचारायला पाहिजे, लेक कधी येणार?"

जीपमध्ये बसायच्या आधीच मी यादी केली : कुठली गावं, कुठल्या आशाताई, कुणाला कधी फोन. आपांनी तक्त्यात एक रकाना वाढवला आणि वर लिहिलं, 'माहेरवाशीण'. साहेब म्हणाले, हा सरकारी शब्द नाही, 'तात्पुरत्या स्थलांतरित गर्भवती महिला' असं करा. आपा म्हणाल्या, "साहेब, त्या नावानं हाक मारली तर एकही बाई दार उघडणार नाही." रकाना तसाच राहिला. एकेका गावातून आकडे यायला लागले, आणि ज्या डोंगरात बाळंतपणं होतच नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो, तिथं घराघरांत लेकी यायच्या होत्या. जाधवांनी तो तक्ता स्वतः दोनदा तपासला आणि म्हणाले, "मॅडम, ह्यो जुळवायची गरजच न्हाई."

प्रस्तावाच्या बैठकीत खालच्या भागातून निवडून आलेले एक सदस्य चिडले. "बाई, तुमचं डोंगरावर लय प्रेम दिसतंय!"

"मी सांगलीची आहे हो. माझं प्रेम उसावर असायला पाहिजे," आपा म्हणाल्या. सगळे हसले, तेही हसले, आणि मग आपांनी तक्ता समोर ठेवला. गाडी वर राहावी, हे पाच मिनिटांत सगळ्यांना पटलं. मी मनात शीतलच्या खोलीची सोय लावायला लागले होते. तेवढ्यात आपा म्हणाल्या, "अजून एक गोष्ट आहे. पावसाळ्यात हे आकडे एकदम खाली येतात. रस्ता बंद पडायच्या भीतीनं घरचे लोक लेकींना आधीच खाली नातेवाइकांकडे नेऊन ठेवतात. त्या महिन्यांत गाडी वर नुसती उभी राहील." मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. त्यांनी पाय बाजूला घेतला आणि बोलत राहिल्या. सदस्यांचे डोळे चमकले. पुन्हा वादावादी सुरू झाली. हातात आलेलं सगळं निसटतंय असं मला वाटलं...

शेवटी ठरलं ते असं : गाडी डोंगरातच राहील, फक्त पावसाळ्यात घाटाच्या पायथ्याला येईल, म्हणजे खाली नेलेल्या लेकींनाही मिळेल आणि जवळच्या उसाच्या गावांनाही. बाहेर आल्यावर मी वैतागून म्हटलं, "आपा, पावसाळ्याचं तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

"नाही. म्हणून तर सांगितलं. तो आकडा मी दाबला असता आणि पुढच्या वर्षी कुणाला सापडला असता, तर माझ्या बाकीच्या तक्त्यावर कुणी विश्वास ठेवला असता? तुझी शीतल तर दिवाळीनंतरची आहे ना?"

मी त्यांना शीतलचा महिना कधी सांगितला नव्हता. आईनं चहाच्या वेळी सांगितला असणार. त्यांच्या डोक्यात शीतल होती, सगळा वेळ होती, आणि तरी त्या पावसाळ्याचं बोलल्या.

दिवाळीनंतर एका दुपारी शीतलला कळा सुरू झाल्या. गाडी उपकेंद्राच्या दारात उभी होती. बाळ आडवं होतं, शस्त्रक्रिया करावी लागली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. मी आपांना फोन केला तर पहिला प्रश्न, "दोघंही बरी आहेत ना?" आणि दुसरा, "रकान्यात नाव आलं का तिचं?" आलं होतं. आईनंच आशाताईला बोलावून लिहायला लावलं होतं.

भाभी, हे त्यांचं काम. हजेरीत नसलेल्या माणसांना निर्णय होतो त्या खोलीत नेऊन बसवायचं. निवृत्तीच्या समारंभात यातलं कुणी काही बोललं नाही. शाल, नारळ, चहा. आपांनाही त्याचं काही वाटलं नाही. मला मात्र अभिमान वाटतो, आणि तो मी लपवणार नाही.

गेल्या आठवड्यात माहेरी गेले होते. उपकेंद्रात आता नवीन सिस्टर आहेत, जतकडच्या. त्यांनी आपांना कधी पाहिलेलं नाही. त्या रजिस्टर भरत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "मॅडम, हा माहेरवाशिणींचा रकाना मुंबईवरनं आलाय व्हय?"

"नाही. इथूनच वर गेलाय."

त्यांनी रकान्यावरून बोट फिरवलं. "आमच्याकडं उलटं हाय बघा. जोडीनं ऊसतोडीला जात्यात, पोटुशी असली तरी जाती. गावात मोजायला गेलं तर घराला कुलूप. आन् ज्या गावात तोडत्यात तिथंबी तिला कोण मोजत न्हाई. तिचं काय?"

"लिहून पाठवा. मी पुढं नेते."

त्यांनी एक कोरा कागद ओढला, पट्टी धरून उभी रेघ मारली आणि पेन तसंच वर धरून माझ्याकडे बघितलं. "वर काय नाव घालू? सरकारीत काय म्हंत्यात ह्यांना?"

"ते राहू द्या," मी म्हटलं. "तुमच्या गावात त्या बायकांना काय म्हणतात, तेच घाला."