पारूची ओळ

माझ्या आईचं गाणं वाजत होतं आणि मी कपबशा गोळा करत होते. मल्लेश्वरमचं घर, ताईंचा अल्बम गाजला म्हणून जमलेली मंडळी. एका पाहुण्याने विचारलं, हे गाणं रचलं कुणी? ताई म्हणाल्या, "अशी गाणी कुणाची नसतात हो. मातीतून उगवतात." लोकांचे डोळे पाणावले. मग माझ्याकडे वळून, "अक्का, स्वल्प कॉफी आण."

सात वर्षं त्यांचा स्वयंपाक केला. गाणं मीच दिलं. भाजी निवडताना हौसेनं म्हटलं, त्यांनी फोनवर घेतलं. मग हेब्बाळच्या स्टुडिओत नेलं. चार दिवस बाहेरच्या बाकावर, मांडीवर त्यांचा डबा. बोलावलं की आत जाऊन चाल सांगायची, परत बाहेर. केवढा अभिमान वाटायचा मला. आता त्याची लाज वाटते.

आई निपाणीच्या तंबाखू वखारीत होती. तिथली रीत होती, जिने गाणं रचलं तिचं नाव शेवटच्या ओळीत. दुसरीने म्हटलं तरी ते घ्यायचंच. गाळलं तर बायका हात थांबवून तिच्याकडे बघायच्या. आईची ओळ होती, "म्हारवाड्याची पारू म्हणे, गानं माझं हाय." आईला सही येत नव्हती. होतं ते एवढंच.

अल्बममध्ये ती ओळ नाही. गाण्याखाली लिहिलंय, पारंपरिक.

कपबशा खाली ठेवल्या. सगळ्यांदेखत विचारलं, "ताई, आईची ओळ का काढलीसा?"

"अगं, ती चालीत बसत नव्हती."

चालीत. चाल मी शिकवलेली.

पुढे काही झालं नाही. के. आर. पुरमच्या स्टेशनावर पोरं ते गाणं गुणगुणतात. निपाणीत माझ्या भाचीने लग्नात म्हटलं, तेही तसंच. मी ओळ सांगितली तर म्हणाली, "मावशी, गाण्यात असलं काय न्हाई." पारू तिची सख्खी आजी. आई गेली तेव्हा मी एवढी रडले नव्हते.

आता ताईंना दुसरा अल्बम करायचाय. "अक्का, आईची अजून गाणी आठवतात ना?"

"सगळी आठवत्यात. पर देनार न्हाई."

काम सोडलं. गाणी मातीतून उगवतात म्हणे. ही मातीतच जातील, माझ्याबरोबर, पारूच्या नावासकट. त्यांना एकही मिळणार नाही.