आडनाव ऐकून वाढलेला चान्स

काचेच्या टेबलावर सरांनी मार्करने पंधरा लिहिला. माझ्या पोरीचा चान्स. शंभरातला पंधरा.

जळगावातलं ऑफिस. परदेशातल्या मोठ्या विद्यापीठांत पोरं पाठवणारे सर. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण सर. एसी इतका की ऑक्टोबरच्या उन्हातून आलेल्या मला स्वेटर आठवला. त्यांची पद्धत अशी की एका घरच्यांचं चालू असताना पुढच्यांना मागच्या सोफ्यावर बसवून ठेवायचं. ऐकून ऐकून तयार होतात म्हणे. आमच्या मागे कापडाच्या दुकानाचे एक शेठ आणि त्यांचा मुलगा बसलेले.

"मार्क चांगले आहेत," सर म्हणाले. "पण तिथे येणाऱ्या सगळ्यांचेच चांगले असतात. बरं, पूर्ण नाव काय?"

बाहेर नावं लिहून घेणाऱ्या मुलीने दिलेल्या चिठ्ठीवर नुसतं 'सुजाता' होतं. मी आडनाव सांगितलं.

सरांनी मान वर केली. तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग अंगठ्याने पंधरा पुसला. चाळीस लिहिला.

"अहो काका, हे आधी नाही का सांगायचं!"

मागून शेठ म्हणाले, "सर, आमच्या पोराचंही आडनाव बदलून आणू का?"

सगळे हसले. मीही हसलो. कुणी हसलं की मी आधी हसून घेतो, कशाला ते नंतर बघतो. पोरगी हसली नाही. ती त्या चाळीसकडे बघत राहिली.

मी एसटीत मेकॅनिक. घर बोदवडला. पण नातेवाइकांत माझं नाव इंजिनांसाठी नाही, गोष्टींसाठी. बारसं असो, लग्न असो, जेवणं उरकली की पोरं घेरतात, "नाना, सांगा ना." आणि नाना सांगतात. मध्येच कुणी पान आणून देतं. तेवढीच आमची प्रॅक्टिस.

सुजाता माझी थोरली. बारावीला. सगळा उन्हाळा तिने एकच वेड घेतलं. पत्र्याच्या, स्लॅबच्या आणि धाब्याच्या घरांत थर्मामीटर टांगत हिंडली. धाबं म्हणजे आमच्याकडचं मातीचं सपाट छप्पर. गल्लीत लोक म्हणायचे, "मेकॅनिकची पोरगी घरांचा ताप बघते." मे महिन्यात धाब्याखाली माणसाला झोप लागते आणि पत्र्याखाली माणूस भाजतो, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. ते का, आणि पत्र्याखालच्यांसाठी काय करता येईल, हे तिला शिकायचं होतं. ते शिकवणारं विद्यापीठ तिनेच शोधलं. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरच जाणं. जगभरातून मूठभर घेतात. तिला दुसरं काही नकोच होतं. झोपेतसुद्धा त्या गावाचं नाव घ्यायची.

अर्जासोबत स्वतःबद्दल निबंध द्यावा लागतो. तिने छपरांवर लिहिला होता. सरांनी पानं नुसती उलटली.

"छपरं? बेटा, छपरं कोण वाचणार? तुझ्याकडे केवढी स्टोरी आहे! तिथे आता या विषयाला मागणी आहे. शाळेत कधी वेगळं बसवलं?"

"नाही."

"पाणी वगैरे? कुणी काही बोललं?"

"बोलतात सर. पण मला त्याच्यावर लिहायचं नाही."

"आठव बेटा. नीट आठव."

किल्ली कुठे ठेवली ते आठव, अशा सुरात. मग ते माझ्याकडे वळले. "काका, तुम्हाला तरी?"

आणि मी सुरू झालो! गोष्ट सांगा म्हटलं की माझं तोंड माझं राहत नाही. धुळ्याची सांगितली. आमच्या घरातली सगळ्यात गाजलेली.

धुळ्याला आयटीआयला होतो. भाड्याची खोली. अंगणात सगळ्यांचा मिळून एक नळ, खाली आंघोळीचा दगड. आठवडाभर सगळं झकास. एक दिवस मी आंघोळ करून पंचा गुंडाळून उभा, तर घरमालकीण विचारते, "तुनं आडनाव काय शे रे भाऊ?" सांगितलं. ती दोन पावलं मागे. "आते बठ्ठं धोवनं पडी!" आणि माझ्यासमोर सगळा दगड धुतला. आधी गोमूत्राने, मग पाण्याने. तेव्हा धुळ्यात नळाला पाण्याची बोंब, पण बाईने साठवणीतलं पाणी काढलं. मी नुकताच साबण लावून चकचकीत केलेला दगड! एवढा मान मला सासरीसुद्धा मिळाला नाही.

घरी या जागी लोक लोळून हसतात. आवाज काढतो मी त्या बाईचा, हुबेहूब.

इथे कुणी हसलं नाही. सर भराभरा टाइप करत होते. शेठ कान देऊन ऐकत होते. त्या बाईचा आवाज माझ्याच तोंडून आला आणि त्या गार खोलीत तसाच राहिला. हशा नसला की ही गोष्ट कशी लागते, ते मी कधी ऐकलंच नव्हतं.

"जबरदस्त!" सर म्हणाले. "हेच पाहिजे. फक्त हे सुजाताच्या बाबतीत झालं असं लिहायचं. नळ, दगड, सगळं तेच ठेवू."

"तिच्या बाबतीत नाही झालं."

"काका, सातबाऱ्यावर वारस लावतात ना? तसं समजा. तुमचं आहे, तिच्या नावावर लावायचं." चाळीस पुसला. साठ लिहिला. "हे लिहिलं तर एवढा. आणि छपरांवर अडून बसलात..." खाली पाच लिहिला.

साठ आणि पाच. त्यांच्यामध्ये माझी पोरगी, मांडीवर हात घट्ट धरून.

माणूस पोरांच्या नावावर काय काय लावतो. घर, शेत, नसेल तर नुसतं नाव. मी आयुष्यभर एकच धडपड केली होती, की तो दगड तिच्यापर्यंत येऊ नये. आणि हा माणूस म्हणत होता, तो घेतलास तरच पुढे जाशील.

"नाही," मी म्हणालो. "ते माझं आहे सर. तिच्या नावावर नाही लावणार."

"भावनेच्या भरात पोरीचं नुकसान करताय."

शेठ समजावायला पुढे झाले. "अहो भाऊ, चार ओळींचं काम. आमच्याकडे अशी गोष्ट असती तर आम्ही सोडली असती का?"

"घ्या ना मग तुम्ही," मी म्हणालो. "दगडासकट घ्या."

या वेळी मी हसलो नाही. त्यामुळे कुणालाच हसता आलं नाही. पोरगी आधी उठली. टेबलावरचे आपले कागद तिने गोळा केले आणि बाहेर गेली.

परतीच्या रेल्वेत ती खिडकीशी. माझ्यावर चिडली की सरांवर, कळेना. मी मनात घोळवत होतो. तसं खोटं तरी काय होतं? घडलंच होतं की. फक्त माणूस बदलायचा. विचारायचं कुणाला? खानदानात आयटीआयपर्यंत पोचलेला पहिला मी. त्याच्या पुढचा रस्ता कुणी पाहिलेला नाही. भावांना फोन केला असता तर म्हणाले असते, धुळ्याची सांगितली का? आणि हसले असते.

भुसावळ गेल्यावर ती म्हणाली, "पप्पा, धुळ्याचं खरं आहे?"

"म्हणजे?"

"मला वाटायचं तुम्ही हसवायला रचलंय."

"खरं आहे."

"मग तुम्ही काय केलं तेव्हा?"

"दुसरी खोली घेतली. तिथे सगळ्यांचं झालं की मग नळावर जायचो."

"आणि हसत का सांगता?"

बाहेर केळीच्या बागा मागे पळत होत्या. डबा गच्च भरलेला. कुणी शेंगा सोलत होतं, कुणी फोनवर भांडत होतं. मी मात्र तिथे नव्हतोच. मी धुळ्याच्या त्या अंगणात ओला पंचा गुंडाळून उभा होतो. एकटा. तेव्हापासून तिथेच होतो बहुतेक. सोबत मिळावी म्हणून हसवत होतो. माणसं जमायची, हसायची, ताटं उचलून निघून जायची. त्या अंगणात माझ्याशेजारी येऊन कुणी उभं राहिलं नाही. मी कुणाला तशी जागाच ठेवली नव्हती.



अर्ज तिने छपरांवरचाच पाठवला. आठवड्याने सरांचा फोन. "काका, अजून मुदत आहे. विचार करा. चान्स वाया घालवू नका."

"गेला पाठवून," मी म्हणालो. "छपरांचाच."

"मग पाचच धरा."

"धरले."

उत्तर अजून आलेलं नाही. पोरगी जेवता जेवता फोन उलटा-सुलटा करते. मला झोप लागत नाही, हे खरं. नकार आला तर ती माझ्याकडे कशी बघेल, मला माहीत नाही. तरी सांगतो. घेतलं तर तिला छपरांसाठी घेतील. नाही घेतलं तर तिच्या छपरांना नाही म्हणतील. माझ्या अपमानाची चिठ्ठी दाखवून ती कुठल्याही दारातून आत जाणार नाही.

आणि धुळ्याची गोष्ट. ती आता मी हसवायला सांगणार नाही. त्या बाईचा आवाज काढणार नाही. सांगेन ती माझ्या आवाजात, गल्लीच्या नावासकट, बाईच्या नावासकट. ज्याला ऐकवत नसेल, त्याने उठून जावं. मी थांबणार नाही.