हॉट म्हणजे गरम

माझी फजिती सांगायची तर आधी माझा मोठेपणा सांगावा लागेल. नाहीतर मी किती उंचावरून आपटले ते तुम्हाला कळायचं नाही.

तर मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातल्या तीन खेड्यांची पोरं माझ्या हाताखालून गेली. पहिलीचं इंग्रजी माझ्याकडेच. एका हातात गरम पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात माठातल्या पाण्याचा. पोरांना बोट लावायला सांगायचं आणि म्हणायचं, हॉट म्हणजे गरम, कोल्ड म्हणजे थंड. अख्खा वर्ग मागून ओरडायचा. तपासणीला आलेले साहेबसुद्धा एकदा मान डोलावून गेले होते. त्या शब्दावर माझा एवढा हात बसलेला, आणि त्यानेच दगा द्यावा?

झालं असं, की माझा निखिल बंगळूरला नोकरीला. तिथे सोबत काम करणारी अंजना त्याला आवडली. केरळची पोरगी. आमची काही ना नव्हती. अडचण होती तिच्या वडिलांची. आई नसलेली एकुलती एक मुलगी एवढ्या लांब द्यायची कशी? मेननसाहेब कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. म्हणाले, आधी घर पाहीन, माणसं पाहीन, मग काय ते सांगेन. त्यांना हिंदी येत नाही, मराठीचा तर प्रश्नच नाही. निखिलला काळजी, की आईबाबा त्यांच्याशी बोलणार कसे.

मी म्हटलं, "मी काय मेली काय? मले येते ना इंग्रजी."

निखिल, अंजना आणि मेननसाहेब अशी मंडळी सकाळी वाशीम स्टेशनवर उतरली आणि दुपारी बारापर्यंत मालेगावात, आमच्या घरी. मी पहाटेपासून राबत होते. परसात गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, तिच्यावर बोटभर तर्री, आणि तव्यावर रगडलेला हिरव्या मिरच्यांचा ठेचा. पाहुण्याला हात आखडून वाढलं असं व्हायला नको, म्हणून भाजीत तिखटही सढळ हाताने टाकलं.

ताटं मांडली आणि नेमकं तेव्हाच निखिलला सुचलं, की गोड काही नाही. तो आईस्क्रीम आणायला निघाला, आणि गाव दाखवतो म्हणून अंजनालाही घेऊन गेला. मेननसाहेब भुकेले दिसत होते, म्हणून मी त्यांना बसवलं. घरात उरलो आम्ही तिघं. ते, मी आणि आमचे हे. ह्यांचं इंग्रजी 'यस सर'पासून सुरू होतं आणि तिथेच संपतं.

साहेबांनी रोडगा मोडला, भाजीत बुडवला, तोंडात घातला आणि थांबले. मग हळूच म्हणाले, "व्हेरी हॉट."

मला बरंच वाटलं. ताजं ताजं वाढलंय म्हणतात. मी पंखा पाचवर केला. दुसऱ्या घासालाही तेच. मग मी भाजी परातीत पसरली, पेपरने वारा घातला, पुन्हा वाढली. "स्टिल हॉट, मॅडम." आता मात्र मला त्या माणसाचा राग यायला लागला. केरळात काय शिळंच खातात की काय? पण पाहुणा, त्यातून व्याही व्हायचा. मी वाटी उचलली आणि सरळ फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यात ठेवली. दहा मिनिटांनी काढली तेव्हा तर्रीने वर लाल साय धरली होती. बोट लावून खात्री केली आणि ती त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी घास घेतला. मी फळ्यावर दोन आणि दोन पाच लिहिलेत, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "हॉट."

आता ह्याच्यापुढे मी काय करायचं होतं, तुम्हीच सांगा. मी ठेच्याची वाटी पुढे सरकवली. तो तर सकाळी सहाचा, गारढोण. मी छातीठोकपणे सांगितलं, "धिस नो हॉट. धिस फुल कोल्ड."

बिचाऱ्यांचा चेहरा उजळला. हिरवागार रंग पाहून त्यांना ती त्यांच्याकडची नारळाची चटणी वाटली असणार. चमचा भरून घेतला. पूर्ण चमचा.

पुढचं सांगवत नाही. डोळे लाल, कानाच्या पाळ्या लाल, उचकी सुरू, कपाळावरून घामाच्या धारा. एक हात छातीवर आणि तोंडाने एकच, हॉट, हॉट. मला वाटलं, ताप भरला. मी थर्मामीटर आणून त्यांच्या काखेत खुपसलं आणि डोक्यावर ओला टॉवेल टाकला. ताप काही नव्हता. तेव्हा आमचे हे घाबरले.

"अव, याईले झटका तं नाई आला? घाम पाह्य ना किती सुटून राह्यला," म्हणाले आणि चप्पल न घालता कोपऱ्यावरच्या डॉक्टरला आणायला धावले.

तो डॉक्टर म्हणजे माझाच विद्यार्थी. पहिलीत शेवटच्या ओळीत बसून झोपायचा. त्याने नाडी पाहिली, साहेबांशी इंग्रजीत दोन शब्द बोलला, मग त्याची नजर ताटावर गेली आणि त्याने ओठ दाबून धरले.

"मॅडम, याईले काई नाई झालं. तिखट लागलं फक्त. हॉट म्हन्जे तिखट बी होते."

"कोनं सांगतलं तुले?"

"तुमी तं गरमच शिकवलं होतं," तो खाली मान घालून म्हणाला. "बाकीचं मंग पुढं शिकलो."

मी खुर्चीत बसले. गरमलाही हॉट आणि तिखटालाही हॉट? मग तिखट भाजी गार झाली तर तिला म्हणायचं काय? एवढं जगावर राज्य केलं त्या इंग्रजांनी, एक जास्तीचा शब्द करायला काय झालं होतं?

तेवढ्यात निखिल आणि अंजना आले. ओला टॉवेल डोक्यावर घेतलेले वडील पाहून अंजनाने आधी निखिलला धारेवर धरलं. मोडक्या हिंदीत, पण एकेक शब्द असा, की हा पोरगा भिंतीला टेकला. घरचं जेवण इतकं तिखट असतं हे आधी का नाही सांगितलं? मग वडिलांना, त्यांच्या भाषेत. लाजेखातर गप्प राहून खात बसल्याबद्दल असावं. मग पदर खोचावा तशी ओढणी खोचून थेट माझ्या स्वयंपाकघरात. साखर दिली, भात टाकला, दही कालवलं, आणि मला हाताला धरून बसवलं.

मी बघतच राहिले. मला अशीच तिखट पोरगी हवी होती. निखिल आमचा अगदी मिळमिळीत.

संध्याकाळी ओसरीवर चहा झाला. डॉक्टर पुन्हा तपासायला आला होता, शेजारचे दोघं-तिघं जमले होते. दुपारची भरपाई करायची म्हणून मी वाक्यं जुळवून ठेवली होती. शिकलेला शब्द वाक्यात वापरला की पक्का होतो, हे मीच पोरांना सांगायची ना? मी उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "सर, युवर डॉटर व्हेरी हॉट. आय लाइक. माय सन नो हॉट. माय हजबंड ऑल्सो लाइक व्हेरी हॉट."

आपलं नाव निघालं म्हणून आमचे हे उठले आणि म्हणाले, "यस सर."

डॉक्टरच्या नाकातून चहा आला. निखिल उठून आत गेला. सगळे गप्प, म्हणून मला वाटलं ऐकू गेलं नाही. मी सगळं पुन्हा एकदा म्हटलं.

अंजना हसता हसता खाली बसली आणि वडिलांना काहीतरी सांगू लागली. साहेबांनी कप ठेवला, चष्मा काढला आणि डोळे पुसले. मला वाटलं, ठेचा अजून उतरला नाही.

तिसरा अर्थ मला कोणी सांगेना. निखिल फक्त एवढंच म्हणाला, की आई, आता पाहुणे जाईपर्यंत इंग्रजी बोलू नको. शेवटी भांडी घासताना अंजनानेच हिंदीत, अगदी हळू आवाजात सांगितलं. माझ्या हातातली कढई खाली पडली. दुसऱ्या दिवशी साहेब निघेस्तोवर मी स्वयंपाकघराबाहेर पाय टाकला नाही. सोयरीक मोडली असंच धरून चालले होते. आणि साहेब जाताना होकार देऊन गेले.

का दिला, हे कोडं मला लग्न होऊन वर्ष झालं तरी सुटलं नव्हतं. मग दिवाळीला एकदा करंज्या तळताना मी अंजनाला विचारलंच. ती आधी नको म्हणाली, मग सांगितलं. त्या दिवशी ओसरीवरच तिचे वडील तिला म्हणाले होते, की बिनधास्त कर लग्न. स्वतः काय बोलते हेच जिला कळत नाही, ती सासू तुला टोमणे काय मारणार?

हे तिने मला मराठीत सांगितलं. व्याकरणाची एकही चूक न करता.